यंत्र कोणाचे, किल्ली कोणाच्या हाती?
(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘आभासी वास्तव आणि संगणक’ या विषयावर केलेले भाषण)



“आभासी वास्तव हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ. त्याचा कामगार चळवळीशी संबंध काय?” असे एका ज्येष्ठ साथीने मला आज दारातच विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हेच आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. डोळ्यांवर बांधावयाच्या या हेडसेटमध्ये भिंगे व त्यांच्यामागे पडदा असतो. दोन डोळ्यांना किंचित निराळी चित्रे दाखविली की मेंदूला खोलीचा भास होतो. मान वळताच दृश्यही वळावे लागते. त्याला विलंब झाला की माणसाला मळमळू लागते. म्हणून संगणकाला सेकंदाला सुमारे 90 चित्रे, म्हणजे एकेक चित्र जेमतेम 11 मिलिसेकंदांत, तयार करावे लागते. हा भार ग्राफिक्स कार्ड उचलते. लाखो ठिपक्यांचा हिशेब ते एकामागून एक न करता एकाच वेळी वाटून करते.

हे यंत्र आले कोठून? 1968 साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड व त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोक्यावर बसवावयाचा असा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. त्या संशोधनात लष्करी संशोधन संस्थेचा, म्हणजेच सार्वजनिक पैसा होता. पुढे मोबाइल फोनच्या प्रचंड उत्पादनामुळे लहान पडदे व हालचाल टिपणारे सेन्सर स्वस्त झाले आणि छंद म्हणून घरी सुटे भाग जोडणाऱ्यांनी या कामात उडी घेतली. त्यांच्यापैकीच एक, पामर लकी, याच्या ‘ऑक्युलस’ कंपनीला 2012 साली सुमारे 9,500 लोकांनी वर्गणीरूपाने 24 लाख डॉलर दिले. मार्च 2014 मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे 2 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. त्या किमतीत वर्गणीदारांचा हिस्सा शून्य होता. मूळ वर्गणीतून यंत्र घेणाऱ्यांना 2016 साली नवे यंत्र मोफत देण्यात आले, हे खरे. पण मालकी मात्र मिळाली नाही. सार्वजनिक संशोधन, कारखान्यांतील श्रम आणि हौशी लोकांची मेहनत या तिन्हींचे फळ अखेर एका मक्तेदाराच्या पदरात पडले.

एवढ्यावरच हे थांबले नाही. 2020 साली आलेला हेडसेट फेसबुकचे खाते असल्याशिवाय वापरता येत नसे. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर 2022 मध्ये ती अट बदलली, परंतु तिच्या जागी त्याच कंपनीचे दुसरे खाते आले. वस्तू आपण विकत घेतली, तरी किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहिली!

आता कामाच्या ठिकाणी येऊ. शिकाऊ वेल्डरला अशा यंत्रावर सराव देता येतो. रॉड जळत नाही, धातू वाया जात नाही, हातही भाजत नाही. याला विरोध करणे शहाणपणाचे नाही. मात्र हाताचा कोन, वेग आणि चूक शिकविण्यासाठी जे यंत्र मोजते, तेच यंत्र कामगाराची नोंदही ठेवू शकते. एका खेळाच्या 50 हजारांहून अधिक खेळाडूंच्या केवळ डोक्याच्या व हातांच्या हालचाली 2023 सालच्या एका संशोधनात तपासण्यात आल्या. अवघ्या 100 सेकंदांच्या हालचालींवरून त्यांतील खेळाडू 94 टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आला. नाव न सांगताही शरीर आपले नाव सांगते, असा याचा अर्थ.

1960 च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. त्यामागचा प्रश्न यंत्राचा लाभ कोणाला व भार कोणावर, हा होता. तो आजही शिळा झालेला नाही.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे यंत्र उघडण्यास, जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक आपल्याच शास्त्रज्ञांनी उभारला होता. केरळच्या शाळांत 2018 पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून मुले इलेक्ट्रॉनिक्स व मुक्त सॉफ्टवेअर शिकतात. तो छंदच आहे, पण डोळस छंद आहे. दुसरी गोष्ट, मुक्त सॉफ्टवेअर व खुली मानके यांचा आग्रह धरा. हेडसेटसाठी ‘ओपनएक्सआर’ हे खुले मानक 2019 पासून उपलब्ध आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट कारखान्यातील आहे. तेथे असे यंत्र येईल तेव्हा कोणती नोंद होते, ती कोठे राहते, कोण पाहते आणि वेतन वा शिक्षा ठरविताना ती वापरली जाईल काय, या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी करारात मागा.

माझ्या ज्येष्ठ साथीला माझे उत्तर एवढेच आहे. हा खेळ आहे, हे मान्य. पण खेळता खेळता नवे उत्पादन साधन घडले आहे. ते केवळ मालकाने ओळखावे आणि आपण ओळखू नये, हे आपल्याला परवडणारे नाही.