एक वर्ग, अनेक वाटा



२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. साहजिकच एका गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता बसतात. त्यातच उमरग्याकडील एखाद्या मुलाची घरची भाषा कन्नड असते, तांड्यावरील मुलीची गोरमाटी. आणि दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडी परतते. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. ते मूल मागे बसते, गप्प होते आणि एके दिवशी येईनासे होते.

अशा वर्गात साध्य एकच ठेवून वाटा निरनिराळ्या योजाव्या लागतात. हातच्याची वजाबाकी शिकविताना कोणी दहा काड्यांचा गठ्ठा सोडून पाहील, कोणी पाटीवर उदाहरण सोडवील, कोणी बाजारहाटावरून नवे उदाहरण रचील. गट मात्र पंधरवड्याने बदलावेत. ‘कच्चा’ हा शिक्का मुलाच्या कपाळी कायम राहू नये.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले कार्य १९५७ मध्ये कोसबाडला नेले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली.

एम.एड.चा अभ्यास करणाऱ्या शिक्षकांनी हीच दृष्टी ठेवावी. लघुप्रबंधाचा विषय ग्रंथालयात धुंडाळण्यापूर्वी आपल्या हजेरीपटात शोधावा. ऊसतोडीहून परतलेले मूल नेमके कोठे अडते, कोणत्या रीतीने पुढे सरकते, याची नोंद दर आठवड्यास ठेवावी. ते मूल पुढील वर्षीही वर्गात दिसले, म्हणजे पदवी सार्थकी लागली.