हंडीतली बोटी कुणाच्या ताटात?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. माग बंद पडला तर तो चालू करणं हे माझं काम. भाषण करणं हे माझं काम नाही. पण संयोजक म्हणाले, तुम्ही एकटे दोन मुलांना वाढवताय, त्यांच्या खाण्यापिण्याबद्दल बोला. म्हणून आलो.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको तिसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. रक्तस्राव झाला, आणि अंगात रक्त आधीच कमी होतं. ते कमी आहे हे कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद आमच्या कपाटात होता आणि मी तो कधी वाचला नव्हता. तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, मुलगा पाच.

चाळिसावं झाल्यावर नातेवाइकांनी दोन सल्ले दिले. पहिला, दुसरा निकाह कर, पोरांच्या जेवणाची सोय होईल. दुसरा माझ्या थोरल्या बहिणीचा. ती म्हणाली, पोरगी दोन वर्षांत हाताशी येईल, तोवर कसंतरी काढ. दोन्ही सल्ले मायेने दिलेले होते. पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत होती, की चुलीपुढे मी जाणार नाही. आता गंमत बघा. आपल्या लग्नात देग कोण रांधतं? भटारी. तो पुरुषच असतो. पाचशे माणसांची बिर्याणी पुरुषाला जमते, आणि घरातल्या तिघांची डाळ जमत नाही!

मलाही जमत नव्हतीच. पहिलं वर्ष कसं गेलं ते खरं सांगतो. सकाळी चहा आणि खारी. दुपारी शाळेतली खिचडी. संध्याकाळी वडापाव, नाहीतर दोन मिनिटांच्या शेवया. सुट्टीला बिर्याणीचं पार्सल. पाळीवर जाताना दोघांच्या हातावर दहा-दहा रुपये ठेवायचो. त्याचे ते कुरकुऱ्यांचे पुडे आणायचे. आई नाही, निदान एवढं तरी द्यावं, असं वाटायचं. पोटं भरत होती, पोरं रडत नव्हती, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग शाळेत तपासणी झाली. मुलीचं हिमोग्लोबिन 8.6 निघालं. तिच्या वयाला ते किमान 11.5 हवं. मुलाचं 11.8 होतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, जंताची गोळी दिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘घरात दोघं एकच खातात का?’ मी म्हटलं, हो, एकाच हंडीतलं. तिची पाळी अजून सुरू झालेली नव्हती, म्हणजे तेही कारण नव्हतं. मग एका घरात दोन मुलांमध्ये एवढा फरक कसा?

उत्तर त्याच आठवड्यात मिळालं. सुट्टी होती, मी सालन केलं होतं आणि मुलगी वाढत होती. तिने माझ्या ताटात तीन बोट्या घातल्या, भावाच्या ताटात दोन आणि स्वतःच्या वाटीत नुसता रस्सा. मी विचारलं तर म्हणाली, ‘मेरेकू बोटी नको अब्बा, अच्छी नै लगती.’ मी एक बोटी तिच्या वाटीत टाकली. तिने हाडही चाटूनपुसून खाल्लं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अम्मीला बघून ती शिकली होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अकरा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोला बोटी आवडायची की नाही, हे मला ठाऊक नाही. ती आमच्यानंतर जेवायची. हंडीत काय उरतं, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणून एक मोठी पाहणी होते. तिच्या 2019-21 च्या आकड्यांप्रमाणे देशात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्याच वयाच्या पुरुषांत 25 टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांत 67 टक्के. पाळी आणि बाळंतपण ही स्त्रियांच्या बाबतीत मोठी कारणं आहेतच. पण कोणाच्या ताटात काय पडतं, हेही कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे. हा प्रश्न फक्त आपल्या समाजाचा नाही. शेजारच्या काकूसुद्धा सगळ्यांच्या शेवटीच जेवतात.

मी काय बदललं ते सांगतो. यात फार मोठं काही नाही.

वाढायचं काम मी घेतलं. तिघं एकाच दस्तरखानावर बसतो आणि बोट्या मोजून वाटतो. रात्रपाळीच्या आठवड्यात आमचं एकत्र जेवण सकाळी होतं, मी कामावरून आल्यावर.

जेवणाबरोबरचा चहा बंद केला. चहामुळे अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. आता जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर असतं. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळतो, त्याने लोह जास्त लागतं. मटण रोज परवडत नाही. कोंबडीची कलेजी स्वस्त पडते, ती आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस मसूर, हरभरे, अंडी, मेथी. भाकरी बाजरीची. माझी पहिली भाकरी मुलाने खिडकीतून कावळ्याला टाकली आणि कावळ्यानेही ती घेतली नाही. पालक कुणी खाईना, तेव्हा तो डाळीत घोटला. आता मुलगा स्वतः विचारतो, आज डाळ हिरवी का नाही.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. मुलगी ती गुपचूप फेकून देत होती. गोळीने शौचाला काळं होतं म्हणून ती घाबरली होती आणि गल्लीतल्या कुणीतरी ‘घेऊ नकोस’ असं भरवलं होतं. मी आशाताईंना घरी बोलावलं. काळं होणं हा लोहाचाच परिणाम आहे, उपाशीपोटी घेऊ नकोस, एवढं त्यांनी समजावलं आणि विषय मिटला. तुमच्या गल्लीत अशी अफवा असेल तर रागावू नका, माहिती असलेलं माणूस घेऊन जा.

दहा रुपये बंद केले तेव्हा घरात दोन दिवस रडारड झाली. त्याजागी शेंगदाणा-गुळाचा लाडू आला. थंडीत मी हळिवाचे लाडूही करतो. रविवारी एक पुडा चालतो, शेवयाही चालतात, पण त्यांत अंडं आणि गाजर पडतं. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. आमच्या पोरांच्या वाटेवर तसली तीन दुकानं आहेत. पालकसभेत मी हा विषय मांडलाय. उत्तराची वाट बघतोय.

आणि भांडी. ती मुलगा घासतो, एक दिवस तो, एक दिवस ती. माझी बहीण म्हणाली, ‘पोराकडून भांडी घासून घेतोस?’ मी म्हटलं, आपा, मला कुणी घासायला लावली असती तर हंडीत काय उरतं ते मला तेव्हाच कळलं असतं. ती रागावली. पुढच्या महिन्यात तिने तिच्या मुलाला कणीक मळायला बसवलं, असं ऐकलं.

तीन महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन 10.4 झालं, आता 11.9 आहे. बारा पूर्ण झाल्यामुळे तिला आता 12 हवं, म्हणजे थोडं बाकी आहे. ती सातवीत आहे. संध्याकाळी ती गणितं सोडवते आणि कुकर मी लावतो.

इथल्या मुलांना माझं एक सांगणं आहे. घरी गेल्यावर एकदा शेवटपर्यंत दस्तरखानावर बसून राहा. अम्मी, बहीण, भाभी काय खातात ते बघा. रमजानमध्ये सहरीला सगळ्यांत आधी कोण उठतं आणि इफ्तारला खजूर तोंडात टाकून परत चुलीकडे कोण पळतं, तेही बघा. मग एक पदार्थ शिका. डाळ चालेल. मुलींनो, तुम्हाला बोटी आवडत असेल तर आवडते म्हणा.

परवा नळी होती, एकच. माझ्या लेकीने ती कुणाला न विचारता उचलली. भाऊ भांडला, आरडाओरडा झाला. मी मध्ये पडलो नाही. त्या दिवशी मला नुसत्या रश्शाबरोबर भाकरी फार गोड लागली.