न मागता पाळलेली गोम

गटाच्या बैठकीत एकीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. शहरातल्या कुणा हौशी माणसानं काचेच्या पेटीत गोम पाळली होती. साऱ्या जणी हसल्या. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "आपण काय कमी पाळतो?"

आजींचं खरं आहे. गोम पाळणारा तिला देतो तरी काय? ओलसर माती, लपायला सालीचा तुकडा, अंधार आणि अधूनमधून एखादं झुरळ. बस. गोमेच्या अंगातलं पाणी लवकर उडून जातं, म्हणून तिला कायम ओल लागते. आणि पेटीत एकच ठेवावी लागते, दोन ठेवल्या तर एकमेकीला खातात.

आता आपली न्हाणी बघा. पाणी साचलेलं, बाजूला तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग, भिंतीला भेगा, मोरीत झुरळं. पेटीपेक्षा सोय चांगली! मग पावसाळ्यात ती अंथरुणात शिरली की आपण तिच्या नावानं ओरडतो. म्हणून जळण भिंतीपासून दूर रचा, खाली दोन विटा ठेवा. मोरीचं पाणी वाहतं करा, भेगा लिंपा. लेकरं जमिनीवर नको, बाजेवर निजवा. अंथरूण झटकूनच टाका.

पेरणीनंतर सोयाबीनची रोपं कुरतडणारी वाणी म्हणजे गोम नव्हे. ती हात लागला की गोल वेटोळं करते, चावत नाही. गोम चपटी असते आणि पळते. मोठ्या गोमेला बहुधा पायांच्या 21 जोड्या असतात. एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही म्हणतात ना, तो पाय कात टाकताना पुन्हा फुटतोसुद्धा!

तिच्या डोक्याखाली विषारी नांग्यांची जोडी असते, तीच ती रुतवते. आग फार होते. जागा साबणानं धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा. चुना, तंबाखू लावू नका, मंत्रात वेळ घालवू नका. लेकरू लहान असेल, अंगावर गांध्या उठल्या, दम लागला, तर तडक दवाखाना.

आणि एक. ढीग उपसताना वेटोळं घालून बसलेली गोम दिसली, तर ती अंड्या-पिल्लांवर बसलेली आई असू शकते. पिल्लं सुटी होईपर्यंत ती जागची हलत नाही. तिथं हात घालू नका. काडीनं लाकूड बाजूला सारा, फावड्यानं मातीसकट उचला आणि लांब बांधावर नेऊन टाका.