ओळख सांगणे ही सुद्धा लाचच
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



‘अर्धसत्य’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १९८३ सालचा गोविंद निहलानींचा हा चित्रपट हिंदी असला तरी मूळ कथा मराठी, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. फौजदार अनंत वेलणकर झालेल्या ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी तर आजही विसरता येत नाही.

सगळ्यांना शेवट आठवतो. मला मधला एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. एका आमदाराच्या रोषामुळे वेलणकरवर निलंबनाची वेळ येते. तेव्हा सहकारी हैदर अली त्याला दिल्लीत वजन असलेल्या एका मध्यस्थाच्या मदतीने वाचवतो. नोकरी टिकते, पण ती आता कायद्याच्या नव्हे, कुणाच्या तरी मेहेरबानीच्या आधारावर. पुढे हाच प्रामाणिक माणूस दारूच्या आहारी जातो आणि त्याच्या मारहाणीत एक भुरटा चोर कोठडीत मरतो.

हे सांगण्याचे कारण आपण स्वतः आहोत. पिढ्यानपिढ्या तापीकाठी राहिलेली आपली घराणी अभिमानाने म्हणतात, ‘आम्ही कधी लाच दिली नाही.’ खरे आहे. आपल्याला गरज पडत नाही! पासपोर्टची पडताळणी असो की जागेचा तंटा, आपण कुणाकडून तरी टी.आय. साहेबांना फोन लावतो. पॉवरलूमवर बारा तास राबणाऱ्या कामगाराकडे असा फोन नसतो, म्हणून त्याला खिशात हात घालावा लागतो. त्याची ती लाच आणि आपली ती ओळख, असा हिशेब किती दिवस चालणार?

एकट्या प्रामाणिक फौजदाराने हे बदलत नाही, हे तेंडुलकरांनी दाखवले. मग कशाने बदलते? हाँगकाँगचे उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात तिथे रुग्णवाहिकेपासून रुग्णालयातल्या आयांपर्यंत सर्वत्र ‘चहाचे पैसे’ मोजावे लागत. आपल्या ‘चहापाण्या’चे सख्खे भावंडच! १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. १९७४ मध्ये पोलिसांपासून स्वतंत्र, थेट गव्हर्नरला जबाबदार असा आयोग स्थापन झाला, आय.सी.ए.सी. गॉडबरला परत आणून चार वर्षांची शिक्षा झाली. १९७७ मध्ये चिडलेल्या पोलिसांनी आयोगाच्या कचेरीवर हल्ला केला आणि सरकारला जुन्या प्रकरणांत बरीच माफी द्यावी लागली. तरी आयोग टिकला. या काळावर वाँग जिंग यांनी २००९ मध्ये चित्रपट काढला, ‘आय करप्ट ऑल कॉप्स’. नावाची आद्याक्षरे जोडली की आयोगाचेच नाव होते.

आयोग टिकला तो लोक तक्रारी घेऊन जात राहिले म्हणून. आपल्याकडेही मार्ग आहेत. मध्यप्रदेशात १९८१च्या कायद्याने लोकायुक्त आले. लाच मागणाऱ्याची तक्रार आपल्याला इंदूरच्या लोकायुक्त पोलिसांकडे करता येते. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले तर त्याला संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात, निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, असा आदेश दिला.

उणिवा आहेतच. लोकायुक्तांचे तपास अधिकारी पोलीस खात्यातूनच येतात, आणि खटल्यासाठी शासनाची मंजुरी लागते. म्हणूनच निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कुठल्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारा : न्यायालयाने सांगितले तसे प्राधिकरण बुरहानपूरला मिळावे म्हणून आपण काय करणार?

आणि एक काम आपल्या घरचे. पुढच्या वेळी फोन उचलण्याआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. काम दोन आठवडे उशिरा होईल, होऊ द्या. शेजारचा विणकर त्याच रांगेत उभा आहे. त्याच्या मागे आपण उभे राहिलो, तर कुणाला त्याच्याकडे पैसे मागायला जड जाईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्यप्रदेश.