‘स्प्लांख्निझोमाइ’ : कळवळ्याचे क्रियापद



बायबलच्या भाषाभ्यासासाठी भरलेल्या या परिषदेत चर्चेसाठी निवडलेले ‘स्प्लांख्निझोमाइ’, म्हणजे कळवळा येणे, हे ग्रीक क्रियापद नव्या करारात केवळ 12 वेळा, आणि तेही मत्तय, मार्क व लूक यांच्याच शुभवर्तमानांत येते. तेथेही ते एक तर खुद्द येशूसंबंधी किंवा त्याने सांगितलेल्या दाखल्यांतील राजा, शोमरोनी आणि उधळ्या पुत्राचा पिता यांच्यासंबंधीच योजलेले आहे.

त्याचे मूळ ‘स्प्लांख्ना’ या नामात आहे. हृदय, फुप्फुसे, यकृत आदी अंतरिंद्रियांना हे नाव होते आणि ग्रीक यज्ञात बळीच्या पशूची हीच इंद्रिये भाजून प्रथम खाल्ली जात. ज्यूंवर असे यज्ञभोजन लादले गेल्याची हकिकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात या क्रियापदाचे कर्तरी रूप त्याच विधीच्या अर्थाने आले आहे. अभिजात ग्रीक साहित्यात अंतरिंद्रिये मुख्यतः क्रोधासारख्या उत्कट विकारांचे स्थान मानली जात. करुणेचा अर्थ ग्रीक लिहिणाऱ्या ज्यूंच्या ग्रंथांत दृढ झाला, आणि गर्भाशयवाचक ‘रेहेम’ या शब्दाशी नाते असलेल्या ‘रहमीम’ या हिब्रू करुणावाचक शब्दाचा संस्कार त्यामागे असावा, हे मत ग्राह्य वाटते.

विशेष विचार व्हावा तो मार्क 1:41 या वचनाचा. बहुतेक हस्तलिखितांत कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा आला असा पाठ आहे, परंतु बेझा या प्राचीन हस्तलिखितात त्या जागी तो संतापला असे आहे. लेखनिकाने संतापाचा कळवळा करणे समजू शकते, कळवळ्याचा संताप कशासाठी करावा हे सांगणे अवघड, म्हणून अवघड पाठच मूळचा असे काही संशोधक मानतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पाठ कोणताही धरला, तरी त्याच वचनात येशू हात पुढे करून त्या रोग्याला स्पर्श करतो. शोमरोनी जखमा बांधतो, पिता धावत जातो, भुकेल्या समुदायाला भाकरी मिळते. या क्रियापदामागून बहुधा कृती येतेच. ‘आतडे तुटणे’ म्हणणाऱ्या मराठीला ही भावना परकी नाही, आणि केडगावी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणल्यामुळे मूळ संहितेशी थेट भिडण्याची परंपराही येथे आहे. तेव्हा वक्त्यांनी बाराही स्थळे ग्रीक संहितेसह समोर ठेवावीत आणि पुढील कृतीपासून तोडून या क्रियापदाचा अर्थ लावू नये, अशी स्वागतसमितीची आग्रहाची विनंती आहे.