नवा ससा शिंकू लागला, तर

आठवड्याच्या बाजारात एखाद्या करंडीत पांढरेशुभ्र ससे दिसले, की मुलांचा पाय तिथून निघत नाही. हट्ट होतो, घासाघीस होते आणि ससा घरी येतो. कधी तो शाळेत येतो आणि व्हरांड्यातल्या पिंजऱ्यात त्याचा संसार थाटला जातो. चार-सहा दिवस कौतुकात जातात. मग ससा शिंकू लागतो. आधी एखादी शिंक, मग लागोपाठ तीन-चार. नाकाचा शेंडा ओला दिसतो. घरातले म्हणतात, "सर्दी झाली असेल, होईल बरी." कोणी बाम शोधतो, कोणी मुलाच्या तापाच्या वेळची उरलेली औषधाची बाटली फडताळातून काढतो.

मंडळी, या बाटलीपाशीच आपल्याला थांबायचे आहे. सशाची शिंक आणि आपले पडसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ ससे दगावतात. काय पाहावे, काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे आज थोडक्यात सांगतो.

आधी एक खुलासा केलेला बरा. मी बोलतो आहे तो पाळीव सशाविषयी. आपल्या माळरानात, उसाच्या फडात दिसणारा रानससा ही निराळी जात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरून घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात तो जगतही नाही. शेतात त्याचे पिल्लू दिसले, तर ते तिथेच राहू द्यावे. त्याची आई बहुधा संध्याकाळनंतर दूध पाजायला येते.

आता पाळीव सशाकडे वळू. नव्या घरी आल्यावरच तो का शिंकू लागतो? बाजारापर्यंतचा प्रवास, करंडीतली दाटी, कुत्र्यांचे भुंकणे, अनोळखी हात, बदललेला चारा या सगळ्याचा त्याच्या जिवावर ताण येतो. ससा हा मुळात भित्रा प्राणी. भीतीने त्याच्या अंगातली रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. कित्येक सशांच्या नाकात रोगाचे जंतू आधीपासून मुक्कामाला असतात. ससा धडधाकट असतो, तोवर ते गप्प राहतात. तो खचला, की ते डोके वर काढतात. म्हणून विकत घेताना टुणटुणीत दिसलेला ससा आठवड्याभरात शिंकतो, यात विकणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही.

या जंतूंपैकी एक मुख्य जंतू आहे पाश्चुरेला. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर जे संशोधन केले, ते याच जंतूवर. त्यांच्या नावावरूनच हे नाव पडले. शेतकरी बंधूंना हे कूळ दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपण गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतो ना? तो घटसर्पही याच जंतूच्या एका प्रकाराने होतो. पण म्हणून जनावरांची लस सशाला टोचून चालत नाही, बरं का. ती त्याच्यासाठी नाही. याखेरीज बॉर्डेटेला आणि आणखीही काही जंतू सशाच्या नाकात ठाण मांडतात.

मात्र प्रत्येक शिंक जंतूंची नसते. चाऱ्यातली धूळ, लाकडाचा भुसा, चुलीचा धूर, उदबत्ती, डास पळवण्याची कॉइल, यांनीही ससा शिंकतो. गवताची काडी नाकात अडकली, तरी शिंकतो. दाताचे मूळ वर वाढले, तर नाकाची वाट अरुंद होते आणि एकाच नाकपुडीतून स्राव येतो. आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते लघवीच्या वासाकडे. सशाच्या लघवीतून अमोनियाचा झणझणीत वायू निघतो. पिंजरा दोन दिवस साफ केला नाही, तर तो वायू नाकाच्या आतली नाजूक त्वचा जाळतो आणि जंतूंना दार उघडे मिळते. याची परीक्षा सोपी आहे. पिंजऱ्यापाशी खाली बसावे, आपले नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर आणावे आणि श्वास घ्यावा. आपल्या नाकाला झोंबले, तर त्याला रात्रंदिवस झोंबते आहे असे समजावे.

मग साधी शिंक कोणती आणि रोगाची कोणती, हे ओळखायचे कसे? त्यासाठी चार खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण नाकाची. चारा हुंगताना किंवा तोंड धुताना आलेली एखादी शिंक, आणि नाक कोरडे, तर काळजी नको. पाण्यासारखा पातळ स्राव असेल, तर लक्ष ठेवावे. घट्ट पांढरा किंवा पिवळा शेंबूड दिसला, की तो रोग समजावा.

दुसरी खूण पुढच्या पंजांची. ही फार खात्रीची आहे. ससा स्वच्छताप्रिय प्राणी. नाक वाहू लागले, की तो पुढच्या पंजांनी ते पुसत राहतो. त्यामुळे तुम्ही पाहता तेव्हा नाक स्वच्छ दिसते, पण पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या जटा झालेल्या असतात. बाजारात ससा घेतानासुद्धा आधी पंजे उलटून पाहावेत.

तिसरी खूण श्वासाची. ससा स्वस्थ बसलेला असताना त्याच्या कुशीची हालचाल मोजावी. मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास हे ठीक. उन्हात किंवा घाबरल्यावर ते वाढतात. पण ससा माणसासारखा सहजी तोंडाने श्वास घेत नाही. त्याचा सगळा भार नाकावर. म्हणून त्याने मान वर करून तोंड उघडले आणि धापा टाकू लागला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. उद्या सकाळची वाट पाहायची नाही.

चौथी खूण लेंड्यांची. तुम्ही म्हणाल, नाकाच्या दुखण्यात लेंड्यांचा काय संबंध? संबंध मोठा आहे. ससा वासावर खातो. नाक बंद झाले, की चाऱ्याचा वास येत नाही आणि तो खाणे टाकतो. सशाचे आतडे एकसारखे चालत राहावे लागते. ते थांबले, की पोटात वायू धरतो, आणि ओकून मोकळे होणे ही सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. नाकाचे दुखणे महिनाभर चालेल, पण पोट थांबले तर दोन दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या, किंवा सशाने बारा तास काही खाल्ले नाही, तर ही तातडीची वेळ समजावी.

याशिवाय डोळे पाणावणे आणि मान एका बाजूला कलणे याही वाईट खुणा आहेत. डोळ्यांतले पाणी नाकात उतरण्याची नळी तुंबते, किंवा रोग नाकातून कानात पोचतो, तेव्हा असे होते.

आता घरी काय करावे ते सांगतो. ससा शांत कोपऱ्यात ठेवावा. तिथे मोकळी हवा असावी, पण थेट झोत नको आणि ऊनही नको. भुसा काढून टाकावा. खाली वर्तमानपत्राचे कागद आणि त्यावर स्वच्छ, वाळलेले गवत पसरावे. गवत आधी अंगणात झटकून घ्यावे. बुरशीचा वास येणारे गवत वापरू नये. ओले झालेले कागद सकाळ-संध्याकाळ बदलावेत. पाणी ताजे असावे. विकणाऱ्याने जो खुराक दिला असेल, तोच आठवडाभर चालू ठेवून मग हळूहळू बदलावा. मुख्य अन्न गवतच. हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला स्वच्छ धुऊन थोडाथोडा द्यावा. वासाचा पाला दिला, तर नाक चोंदलेला ससाही कधी कधी तोंड लावतो. नाकाला चिकटलेला शेंबूड कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसावा आणि जागा कोरडी करावी.

आणि काय करू नये? सशाला आंघोळ घालू नये. भिजलेला ससा गारठतो आणि भीतीनेही मरतो. बाम, कापूर, निलगिरीचे तेल नाकाजवळ नेऊ नये. आपल्या नाकात घालायचे थेंब त्याच्या नाकात घालू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाचे औषध त्याला पाजू नये.

त्या फडताळातल्या बाटलीचे कारण आता ऐका. मुलांच्या घशाला, कानाला डॉक्टर पुष्कळदा अमॉक्सिसिलीन किंवा अ‍ॅम्पिसिलीन देतात. मुलांना त्याने गुण येतो. सशाला मात्र ही औषधे तोंडाने दिली, तर ती विष ठरतात. सशाच्या पोटात एक मोठी आंधळी पिशवी असते. तिच्यात कोट्यवधी उपकारक जंतू राहतात आणि तेच त्याच्यासाठी गवत पचवतात. ही औषधे त्या जंतूंचा संहार करतात. मोकळ्या झालेल्या जागेवर दुष्ट जंतू माजतात आणि विष तयार करतात. मग जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा जातो. शिंक बरी करायला निघालेला मालक असा आपल्याच हाताने सशाचा जीव घेतो. सशाला चालणारी वेगळी प्रतिजैविके आहेत. पण कोणते, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यानेच ठरवायचे. तेही सशाचे वजन करून.

दवाखान्यात जाताना ससा झाकलेल्या, हवेशीर करंडीत न्यावा. सोबत थोडे गवत ठेवावे. तो कधी आणला, शिंका कधीपासून, खातो किती, लेंड्या कशा, हे डॉक्टरांना सांगावे. सशांवर उपचार करण्याचा सराव आहे का, हे विचारण्यात संकोच नको. गावच्या दवाखान्यात सोय नसेल, तर पुढे कुठे जावे ते तिथले डॉक्टर सांगतील. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. औषध कदाचित कित्येक आठवडे द्यावे लागेल. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून ते मध्येच सोडू नये. आणि एक गोष्ट आधीच मनाशी धरून चालावे. हा रोग पुष्कळदा दबतो, पण समूळ जात नाही. ताण आला, पिंजरा घाण झाला, की तो परत येतो. असा ससा नीट निगा राखली, तर वर्षानुवर्षे आनंदाने जगतो.

घरात किंवा शाळेत आधीचे ससे असतील, तर नव्याला महिनाभर वेगळे ठेवावे, शक्यतो वेगळ्या खोलीत. त्याचे भांडे वेगळे. आधी जुन्या सशांचे सगळे उरकावे, मग नव्याकडे जावे आणि शेवटी साबणाने हात धुवावेत. सशाबरोबर गिनीपिग ठेवू नये. सशाच्या नाकात निमूट राहणारा बॉर्डेटेला गिनीपिगच्या छातीत जाऊन त्याचा प्राण घेऊ शकतो. माणसांना सशाचे हे दुखणे सहसा लागत नाही. तरी तो चावला किंवा बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. शाळेत ससा आणायचाच असेल, तर पिंजऱ्यापाशी एक वही टांगावी. आज किती खाल्ले, लेंड्या कशा, शिंका किती, पंजे कोरडे की ओले, हे मुलांनी पाळीपाळीने रोज लिहावे. पाहणे, मोजणे आणि नोंदणे म्हणजेच विज्ञान. तीस मुलांनी एकदम सशाला हाताळू नये, एवढा नियम मात्र पहिल्या दिवशीच घालून द्यावा. आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत त्याला कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय ससा आणूच नये. मे महिन्याच्या आपल्याकडच्या उन्हात दुर्लक्षित पिंजऱ्यातला ससा एका दुपारीही टिकत नाही.

श्रोतेहो, गाय हंबरते, कुत्रे कण्हते, मांजर ओरडून घर डोक्यावर घेते. ससा मात्र बोलत नाही. त्याला खायला टपलेले प्राणी पुष्कळ, म्हणून दुखणे लपवायचे हीच त्याच्या जातीची रीत. तो उघडपणे आजारी दिसू लागतो, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. त्याला ज्याने घरी आणले, त्याच्याशिवाय त्याच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नाही. तेव्हा रोज सकाळी चारा टाकताना त्याचे नाक, पंजे, श्वास आणि लेंड्या पाहाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. उरलेली औषधाची बाटली मात्र फडताळातच राहू द्या.