मास्क लावला, आता पुढे?

२०२१च्या उन्हाळ्यात आपल्या गेवराई तालुक्यातही ऑक्सिमीटर घरात आला. त्याआधी ऊसतोडीवरून परतलेल्या माणसाला धाप लागली, तर ‘दमलाय’ म्हणून आपण सोडून देत होतो.

कोरोना असो की २००९चा स्वाइन फ्लू, विषाणूचा न्यूमोनिया बळावला की फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत सुजेचं पाणी भरतं आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या त्या आतून चिकटतात. नुसता ऑक्सिजन वाढवून त्या उघडत नाहीत, दाब लागतो. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून सीपॅप यंत्र तो सतत देतं. बायपॅप श्वास घेताना जास्त देतं, सोडताना कमी. घशात व्हेंटिलेटरची नळी नाही, भूल नाही, माणूस शुद्धीवर असतो.

उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये बाराशेहून अधिक कोरोना रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजनवरच्या शंभरातल्या ४४ जणांना महिनाभरात नळी लागली किंवा मृत्यू आला. सीपॅपवर हेच प्रमाण ३६ होतं. फरक मोठा आहे, पण ३६ हा आकडाही विसरू नका.

कारण आपल्याकडे नातेवाईक हमखास म्हणतात, “डॉक्टरसाहेब, मास्कच राहू द्या. नळी टाकली की माणूस परत येत नाही.” भीती खोटी नाही, नळी लागते ती मुळात जास्त आजारी माणसालाच. पण तिला टाळण्यासाठी मास्क ओढत नेला, तर जोरजोरात श्वास ओढूनच फुप्फुसाला आणखी इजा होऊ शकते. तासा-दोन तासांत श्वासांची गती उतरली नाही, मिनिटाला तीसच्या वरच राहिली, किंवा माणूस गुंगायला, बरळायला लागला, तर डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

आणि माया म्हणून मास्क काढून पाणी पाजू नये, सिस्टरना विचारावं. मास्क निघाला की ऑक्सिजन भराभर उतरतो. त्यात पोटात गेलेली हवा उलटी वर आणते आणि ती फुप्फुसात उतरू शकते.

मास्कऐवजी नाकातून वेगाने ऑक्सिजन देणारं यंत्र, हाय फ्लो, मिनिटाला साठ लिटरपर्यंत देतं. शुद्ध ऑक्सिजन पूर्ण वेगाने सोडला, तर सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणून लहान गावात यंत्र विकत घेण्याआधी ऑक्सिजनचा साठा विचारावा, देणगीदारांनीही.

हाच हिशेब रस्त्याचा. रुग्णवाहिकेतला दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर साध्या मास्कवर, मिनिटाला पंधरा लिटरने, शंभर मिनिटं चालतो. बीडला पोहोचायला तो पुरतो. शहागडचा पूल ओलांडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं असेल, तर निघण्याआधी गाडीत दुसरा सिलिंडर आहे का, ते विचारा, आणि दोन्हींचे काटे स्वतः बघा.